निसर्गाचा कोप आणि आपले स्वस्थ बसणे



वैशाखातल्या संध्याकाळी, दिवसभराच्या उकाड्यानंतर समुद्रावरून चार झुळका येऊ लागल्या म्हणजे माणसाला काहीतरी हलके आणि गोड ऐकावेसे वाटते, हे आम्हांला ठाऊक आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानांची प्रथा पाडली ती ऋतू पाहूनच पाडली असावी. तरीही आज आम्ही घेतलेला विषय हलका नाही आणि गोड तर मुळीच नाही. चालकांनी विचारले तेव्हा आम्ही 'हवामानबदलाची सामाजिक कारणे' असे भारदस्त नाव सांगून टाकले. मनातला प्रश्न मात्र साधा होता. घराला धग लागली आहे असे सारे म्हणत असताना घरातली माणसे ओटीवर बसून कशी राहतात? आणि त्या ओटीवर आम्हीही बसलेलो आहोत, हे आरंभीच कबूल केलेले बरे.

३ जून २०२० ची दुपार इथल्या बहुतेकांना आठवत असेल. टाळेबंदीचे दिवस होते. वादळ अलिबागच्या आसपास लागेल असे रेडिओ-दूरदर्शन सांगत होते, म्हणून आपण थोडे निर्धास्त होतो. ते लागले ते अलिबागच्या दक्षिणेस, आपल्या दिवेआगर-श्रीवर्धनच्या अंगावर. ताशी १०० ते ११० किलोमीटर वारा आणि मधूनमधून १२० पर्यंत जाणारे झोत, असे वेधशाळेचे आकडे आहेत. आकड्यांपेक्षा आवाज अधिक आठवतो. पोफळ मोडताना जो आवाज होतो तो आम्ही त्यापूर्वी एकेकटा ऐकला होता. त्या दिवशी तो दोन-अडीच तास सलग चालू होता. संध्याकाळी दार उघडून पाहिले तो वाडीतून थेट आभाळ दिसत होते. ज्यांच्या घरी वाडी आहे त्यांना या वाक्याचा अर्थ सांगावा लागणार नाही. वाडीत उभे राहून आभाळ दिसणे ही गोष्ट आमच्या जन्मात घडली नव्हती.

त्या वादळाचे नाव 'निसर्ग'. या भागातल्या वादळांना नावे देण्यासाठी शेजारच्या देशांनी मिळून जी नवी यादी केली तिच्यातले हे पहिलेच नाव, आणि ते बांगलादेशाने सुचवलेले. नाव ठेवणाऱ्यांच्या मनात काही वाईट असणार नाही. पण आपल्या भाषेत त्याने मोठी सोय करून ठेवली. "काय करणार, निसर्गाने नेले!" हे वाक्य त्यानंतर वर्षभर आम्ही ओटीओटीवर ऐकले, आणि स्वतः उच्चारलेही. वादळाचे नाव आणि दोषी इसमाचे नाव एकच झाल्यावर पुढची चौकशी करण्याचे कारणच उरले नाही. निसर्गापुढे कोणाचे काय चालते?

आता ही चौकशी थोडी पुढे नेऊ या. वादळ उठते ते समुद्राच्या उष्णतेवर. पाण्याची ऊब साधारण साडेसव्वीस अंशांच्या वर गेली म्हणजे चक्रीवादळाला खाद्य मिळू लागते. आपला अरबी समुद्र बंगालच्या उपसागराच्या मानाने शांत, असे आपण शाळेत शिकलो; आम्ही तर तसे शिकवलेही. परंतु गेल्या चार दशकांत या समुद्राचे वरचे पाणी सव्वा अंशाच्या घरात तापले आहे, आणि पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांनी २०२१ साली जो अभ्यास प्रसिद्ध केला त्याप्रमाणे अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या अलीकडच्या दोन दशकांत ५२ टक्क्यांनी वाढली आहे. २००९ च्या नोव्हेंबरात फयान आले, २०२० त निसर्ग, आणि मागच्या वादळाची झाडे अजून आडवी पडलेली असतानाच २०२१ च्या मेमध्ये तौक्ते किनाऱ्याला घासून गुजरातेत गेले. पाणी तापले ते पृथ्वीभोवती धरून ठेवलेल्या जादा उष्णतेमुळे. त्या उष्णतेचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग समुद्रच पोटात घेतात. आणि ती उष्णता धरून ठेवणारे पांघरूण आपण विणतो आहोत, कोळसा, रॉकेल, डिझेल आणि पेट्रोल जाळून. कोणत्या एका वादळाचे किती माप या पांघरुणाच्या पदरात टाकायचे हा जाणकारांचा हिशोब आहे, त्यात आम्ही शिरत नाही. पण 'निसर्गाने नेले' या वाक्यात कर्ता चुकला आहे, एवढे म्हणण्यास हरकत नाही.

हे ज्ञान नवे आहे काय? स्वीडनचे आऱ्हेनियस यांनी १८९६ सालीच गणित मांडून सांगितले होते की हवेतला कर्बवायू वाढला तर पृथ्वी तापेल. १९५८ पासून हवाई बेटांतल्या एका डोंगरावर हा वायू रोज मोजला जातो आहे. तेव्हा तो दर दशलक्ष भागांत ३१५ होता; आज ४२० च्या वर गेला आहे. १९८८ त जगातल्या सरकारांनी या विषयाची शास्त्रज्ञांची समिती नेमली, १९९२ त रिओला करार झाला, १९९७ त क्योटोला, २०१५ त पॅरिसला. आणि तरीही माणसाने आजवर जाळलेल्या इंधनाचा जेवढा धूर केला, त्यातला निम्म्याहून अधिक १९९० नंतरचा आहे. म्हणजे अजाणतेपणी जेवढे केले त्याहून अधिक जाणून केले. शिक्षकाच्या पेशात जन्म घालवलेल्या माणसाला हे मान्य करणे जड जाते. लोकांना माहिती दिली की लोक शहाणे होतात, या श्रद्धेवर आमचा संसार चालला. पण इथे रोग अज्ञानाचा नाही, आणि अज्ञानाचा नसेल तर आणखी एका व्याख्यानाने तो बरा होणार नाही. (चालकांनी आम्हांस क्षमा करावी.)

मग कसला आहे? पहिले उत्तर तयारच असते : लोक स्वार्थी आहेत, आळशी आहेत, कलियुग आहे. कोकणी माणसाविषयी तर हे उत्तर जरा अधिक मीठमसाला लावून देतात. हे उत्तर आम्हांला पटत नाही, आणि न पटण्याची कारणे याच जिल्ह्यात पडलेली आहेत. इथून जवळच्या महाडला २० मार्च १९२७ रोजी हजारो माणसे चवदार तळ्यावर चालत गेली आणि त्यांनी ओंजळीने पाणी घेतले. त्यांच्याजवळ काय होते? ना पैसा, ना अधिकार, आणि घरी परतल्यावर मार खाण्याची खात्री. अलिबाग तालुक्यात चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी १९३३ पासून १९३९ पर्यंत, नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखाली, खोतांची जमीन कसायची नाही म्हणून संप केला. सहा वर्षे! ज्या माणसाचे पोट भातावर आहे त्याने सहा पावसाळे शेतात नांगर घालायचा नाही, याचा अर्थ काय होतो ते शेत कसणारालाच कळेल. डॉक्टर आंबेडकर यांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि १९४९ त खोती कायद्याने गेली. आणि हे सारे फार जुने वाटत असेल तर २००८ च्या सप्टेंबरात पेण तालुक्यातल्या २२ गावांनी, जमिनी विशेष आर्थिक क्षेत्रास द्यायच्या की नाही यावर मतदान केले. तो प्रकल्प पुढे तिथे उभा राहिला नाही. अशा जिल्ह्यातली माणसे स्वभावतःच निष्क्रिय आहेत असे म्हणणे म्हणजे आपल्याच आजोबांना खोटे पाडणे होय.

तेव्हा प्रश्न असा फिरवून विचारला पाहिजे : जी माणसे तेव्हा उठली तीच, किंवा त्यांची नातवंडे, आता का उठत नाहीत?

एक फरक तर उघड आहे. चरीच्या कुळाला खोत दिसत होता. त्याचा वाडा, त्याची घोडी, भात मोजण्याचे त्याचे माप, सारे डोळ्यांसमोर होते. कर्बवायूचा खोत दिसत नाही. तो थोडा अमेरिकेत आहे, थोडा चीनमध्ये, थोडा मुंबईत मलबार हिलवर, आणि थोडा, खोटे कशाला बोला, आमच्या माडीवर बसवलेल्या थंड हवेच्या यंत्रातही आहे. ज्याच्याविरुद्ध उठायचे त्याचा थोडा अंश आपल्यात असला म्हणजे मुठी आवळल्या जात नाहीत.

अमेरिकेत दोन मानसशास्त्रज्ञांनी, लाताने आणि डार्ली यांनी, १९६८ त एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. विद्यार्थ्याला एका खोलीत प्रश्नपत्रिका भरायला बसवीत आणि भिंतीतल्या फटीतून आत धूर सोडीत. माणूस एकटा असला तर शंभरातले पंचाहत्तर उठून सांगायला जात. पण शेजारी दोन माणसे मुद्दाम स्वस्थ बसवून ठेवली तर शंभरातले दहाच उठत. बाकीचे डोळे चोळीत, हाताने धूर बाजूला सारीत, आणि लिहीत राहत. नंतर विचारल्यावर कोणी म्हणे वाफ असेल, कोणी म्हणे यंत्रातून आले असेल. शेजारच्याचा चेहरा शांत आहे एवढ्यावरून त्यांनी ठरवले की घाबरण्याचे कारण नाही. आणि शेजारचाही आपल्याच चेहऱ्याकडे पाहत असतो हे कोणाच्या ध्यानात येत नाही. हा प्रयोग वाचल्यावर आम्हांला आपल्या गावची एक बैठक आठवली. त्या बैठकीची हकिकत आता सांगितलीच पाहिजे.

आमच्या घरामागच्या विहिरीचे पाणी काही वर्षांपासून फाल्गुनातच मचूळ लागू लागले. पूर्वी असे वैशाखाअखेर एखाद्या वर्षी होई. कारण कळण्यास शास्त्रज्ञ नको होता : आसपास राहण्या-जेवणाची सोय करणारी घरे उठली, प्रत्येकाने विंधणविहीर घेतली, शनिवार-रविवारी पंप दिवसभर चालू लागले, आणि गोडे पाणी उपसल्यावर त्याची जागा घ्यायला समुद्र शेजारी उभाच होता. अशाच एका बैठकीत एका तरुणाने उभे राहून विचारले की विंधणविहिरी किती झाल्या याची कोणी मोजदाद केली आहे काय? प्रश्न उत्तम होता. खोलीत वीस-पंचवीस माणसे होती. त्याने आमच्याकडे पाहिले, कारण तो आमचा विद्यार्थी. आम्ही घड्याळाकडे पाहिले. कोणीच काही बोलले नाही, आणि पुढचा विषय निघाला. आम्ही का बोललो नाही? भ्यालो होतो असे नाही. आमच्याही मनात मागच्या बाजूस पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधायचे होते. त्या खोल्या आज उभ्या आहेत. त्या तरुणाने पुन्हा कधी बैठकीत प्रश्न विचारलेला आमच्या ऐकण्यात नाही.

याला आम्ही नुसता आमचा दोष म्हणून सोडून देऊ शकलो असतो, तर हे व्याख्यान करण्याचे कारण नव्हते. दोन खोल्या बांधाव्याशा वाटणे हे काही पाप नाही. वाडीवर घर चालत नाही, मुले नोकरीसाठी बाहेर, औषधपाण्याचा खर्च वाढता. मग पाहुण्यांच्या पैशाशिवाय करायचे काय? श्रीवर्धनची सर्वांत मोठी कीर्ती म्हणजे इथून निघून गेलेल्या माणसाची कीर्ती आहे. बाळाजी विश्वनाथ भट सिद्दीच्या जाचापायी गाव सोडून घाटावर गेले आणि १७१३ त पेशवे झाले. त्यानंतर तीनशे वर्षे आपण तोच कित्ता गिरवतो आहोत. जाच सिद्दीचा राहिला नाही, पण मुंबईला जाणे राहिले. पुढे आफ्रिका आणि आखात आले. मनीऑर्डरीवर घरे उभी राहिली हे खरे, आणि त्याबद्दल गेलेल्यांचे उपकारच आहेत. परंतु ज्या गावातले हात-पाय बाहेर आणि नुसते डोळे मागे राहिले आहेत, ते गाव पाहू शकते, उठू शकत नाही. ज्याला इथे पंचवीस वर्षांनी राहायचेच नाही त्याला विहिरीची चिंता कशासाठी वाटावी?

आता जरा उत्तरेकडे, अलिबाग-पेणच्या खारेपाटात जाऊ या, कारण या प्रश्नाचे मूळ आम्हांला तिथे अधिक स्पष्ट दिसते. खाडीच्या उधाणाचे पाणी अडवून, मातीचे बांध घालून, तिथल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या भातशेती केली. समुद्राच्या पातळीहून खालच्या शेतात भात पिकवायचा म्हणजे बांध क्षणभरही दुर्लक्षून चालत नाही. उंदराने पोखरले, खेकड्याने बीळ केले, की उधाणाच्या रात्री तिथे खांड पडते, आणि एकदा खारे पाणी शिरले की ते एकट्याचे शेत बुडवत नाही, साऱ्यांचे बुडवते. म्हणून तिथे 'जोळ' नावाची रीत होती : बांधाची देखभाल सर्वांनी मिळून करायची, ज्याची जेवढी जमीन त्याने तेवढे अंगमेहनतीचे माप द्यायचे. ही रीत रामराज्य होती असे आम्ही म्हणत नाही. वर खोत होताच, आणि मेहनत कोणाच्या वाट्याला अधिक येई हे सांगायला नको. पण उधाणाच्या रात्री कंदील घेऊन बांधावर कोणी जायचे, हे तिथल्या प्रत्येक घराला माहीत होते.

पुढे १९४८ चा खार जमिनींचा कायदा झाला, १९७९ चा खारभूमी विकासाचा कायदा झाला. बांधांची जबाबदारी शासनाच्या खात्याकडे गेली. हेतू चांगला होता. मोठे बांध बांधायला पैसा लागतो आणि तो सरकारपाशी असतो. पण जबाबदारी गेली तिच्यामागून जोळही गेली. बांध सरकारचा झाल्यावर त्यावरचे खेकड्याचे बीळही सरकारचे झाले. आणि सरकारचे माणूस तर उधाणाच्या रात्री बांधावर नसते. खांडी पडत गेल्या, अर्ज होत गेले, अर्ज मंजूर होईतो शेतात खारफुटी उगवून आली, आणि कितीतरी भातजमीन कायमची नापीक झाली. दोन पिढ्यांत बांध राखणारा शेतकरी बांधाविषयी अर्ज करणारा शेतकरी झाला.

हाच फरक, आमच्या मते, आपल्या साऱ्या निष्क्रियतेच्या तळाशी आहे. आपण खोताची रयत होतो, त्यातून झगडून सुटलो, आणि नागरिक होण्याच्या वाटेवर मध्येच अर्जदार होऊन बसलो. पाणी नळाचे, वीज तारेची, बांध खात्याचा, कचरा गाडीचा. यातली प्रत्येक सोय चांगलीच आहे, आणि आमच्या आईने ज्या विहिरीवरून कळशा वाहिल्या तिथे कोणी परत जावे असे आम्ही म्हणणार नाही. पण प्रत्येक सोयीबरोबर एक गोष्ट हातातून जाते : ती वस्तू कुठून येते आणि तिचा धूर कुठे जातो याची खबर. आमच्या घरातला दिवा लावण्यासाठी कुठेतरी विदर्भात कोळसा जळतो. तो आम्हांला दिसत नाही, आणि ज्याच्या छपरावर त्याची राख पडते त्याला आमचा दिवा दिसत नाही. इतक्या लांबच्या नात्यात लाज वाटत नाही, आणि लाज ही समाजाला हालवणारी फार मोठी शक्ती आहे.

इथे कोणी म्हणेल, आणि बरोबरच म्हणेल, की अमेरिकन माणूस वर्षाला चौदा टनांच्या आसपास कर्बवायू सोडतो, आपण भारतीय सरासरी दोन टन. आधी त्यांनी थांबावे. हे न्यायाला धरून आहे आणि आपल्या प्रतिनिधींनी ते जागतिक परिषदांत ठणकावून सांगितलेच पाहिजे. पण 'सरासरी' हा शब्द आपल्या घरातही तपासून पाहावा. त्या दोन टनांत विमानाने फिरणारा आहे आणि बोर्लीच्या आठवडेबाजारात डोक्यावर सुक्या मासळीची पाटी घेऊन बसणारी बाईही आहे. तिच्या गरिबीच्या आडोशाला उभे राहून आपण अमेरिकेला बोल लावतो, आणि तिथून सरळ आपल्या मोटारीत जाऊन बसतो.

निसर्ग वादळानंतर हे आमच्या दारातच घडले. वादळानंतरचे पहिले सात-आठ दिवस आठवा. वीज नाही, दूरध्वनी नाही, रस्त्यावर माड आडवे. तेव्हा कोणी अर्ज केला नाही. ज्याच्याकडे करवत होती त्याने करवत आणली, कोयता होता त्याने कोयता. मोहल्ल्यातले लोक ब्राह्मणआळीतल्या छपरांवर चढले, कोळीवाड्यातून दोर आले, रोगाची भीती असूनही एका चुलीवर चार घरांचे पेजभात झाले. या गावाला हातपाय आहेत हे त्या आठवड्यात आम्ही डोळ्यांनी पाहिले. आणि नंतर पंचनामे सुरू झाले.

पंचनाम्याला आम्ही नावे ठेवत नाही. मदत मिळाली नसती तर अनेकजण उभे राहिले नसते. फळबागांची मदत हेक्टरी अठरा हजारांवरून पन्नास हजार करण्यात आली. पण आपल्या वाड्या गुंठ्यांच्या. हेक्टरच्या मापात त्या दिसेनात. पुढे झाडागणिक दर ठरला : माडाला २५० रुपये, पोफळीला ५०. पोफळ धरायला लागायची तर पाच-सहा वर्षे लागतात. असो. आमचे म्हणणे दरांविषयी नाही. पंचनाम्याबरोबर याद्या आल्या, आणि याद्यांबरोबर जो तो आपापल्या नावाखाली रेघ पाहू लागला. कोणाची झाडे किती लिहिली, कोणाची अधिक लिहिली, हे बोलणे आळीआळीतून सुरू झाले. करवत घेऊन आलेला शेजारी यादीतला प्रतिस्पर्धी झाला. आठ दिवस जे गाव होते त्याचे पुन्हा दाखले झाले.

आणि ज्याच्या नावे सातबारा नाही तो यादीत कुठे येणार? आमच्या वाडीत तीस वर्षे पोफळींवर चढून सुपारी उतरवणारा गडी होता. एका झाडाच्या शेंड्यावरून झोका घेऊन तो दुसऱ्या झाडावर जाई. खाली न उतरता पंचवीस-तीस झाडे करी. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीचे नाव आपण अभिमानाने घेतो, त्या नावातला निम्मा वाटा अशा माणसांच्या मांड्यांचा आहे. ज्या दिवशी आमच्या खात्यात रक्कम जमा झाली त्याच दिवशी तो दारात आला. पैसे मागायला नव्हे. पडलेल्या पोफळी तोडून न्यायचे काम आहे काय, एवढे विचारायला. काम होते ते आठवडाभराचे. त्यानंतर तो पनवेलकडे एका इमारतीवर पहारेकरी म्हणून गेला. तो किती टन कर्बवायू सोडत असेल? ज्याने पांघरूण विणण्यात एक धागा घातला नाही त्याचे झाड गेले, आणि भरपाई आमची झाली. आम्ही त्यातले काही त्याला दिले काय? दिले, पण त्याने मागितले नव्हते म्हणून थोडे दिले.

आपल्या मराठीत एक सोय आहे जी हिंदीत किंवा इंग्रजीत नाही. 'आम्ही' म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो. 'आपण' म्हटले की तो आत येतो. हवामानाविषयी आपण जे काही बोलतो ते तपासून पाहा : मागणी करताना आपण 'आम्ही' असतो, दोष देताना 'ते' असतो, आणि 'आपण' हा शब्द फक्त भाषणांत येतो. आजही आम्ही दोन्ही शब्द घोळून वापरले आहेत, ते तुमच्या लक्षात आलेच असेल.

उपाय विचारणारे श्रोते असतात, आणि उपायांची यादी देणारे वक्तेही पुष्कळ आहेत. आमच्याजवळ यादी नाही. पण बाणकोटच्या खाडीपलीकडे वेळास आहे, ते पाहून येण्यासारखे आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ च्या सुमारास तिथे समुद्री कासवांची घरटी राखण्याचे काम हाती घेतले. त्याआधी अंडी खाल्ली जात, विकली जात. आज त्याच गावची माणसे पहाटे किनाऱ्यावर फिरून घरटी शोधतात, कुंपणात राखतात, पिल्ले समुद्रात सोडतात, आणि ते पाहायला येणाऱ्यांना आपल्या घरी जेवू घालतात. आपल्याकडे दिवेआगर-हरिहरेश्वरच्या बाजूलाही हे काम होते. कासवे वाचल्याने समुद्र थंड होणार नाही हे आम्हांला कळते. परंतु पहाटे उठून किनाऱ्यावर कोणी जायचे, हे जिथे पुन्हा ठरले आहे तिथे जोळीसारखे काहीतरी परत आले आहे.

माधव गाडगीळ यांच्या समितीने २०११ साली पश्चिम घाटाचा अहवाल दिला तेव्हा त्यातही मुख्य आग्रह हाच होता की गावोगावच्या सभांपुढे तो ठेवावा आणि त्यांचे म्हणणे ऐकून ठरवावे. अहवाल काही काळ प्रसिद्धच केला गेला नाही. आणि झाल्यावर त्याविषयी जे बोलले गेले ते बहुतेक न वाचता. पुढे २०२१ च्या जुलैत महाड तालुक्यात तळिये दरडीखाली गेले, २०२३ च्या जुलैत खालापूर तालुक्यात इर्शाळवाडी. त्या वेळी पुन्हा सर्वांना अहवाल आठवला, सुमारे पंधरा दिवस. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि नगरपालिकेत एक समिती असावी लागते आणि गावातल्या झाडापेडांची, पाण्याची, जिवांची नोंदवही ठेवावी लागते. आपल्या गावच्या समितीत कोण कोण आहेत, हे इथे बसलेल्यांपैकी किती जण न विचारता सांगू शकतील? आम्ही स्वतः मागच्या महिन्यापर्यंत सांगू शकत नव्हतो.

वेळ संपत आली आहे, तेव्हा एक शेवटची हकिकत सांगून खाली बसतो. वादळानंतरच्या पावसाळ्यात आमच्या शेजारच्या एका आजी, वय ऐंशीच्या पुढे, आमच्या दारात येऊन म्हणाल्या, "गुरुजी, माझ्या वाडीत सावलीला केळी लावल्यात. पोफळीची रोपं आणायची तर मला जमायचं नाही, तुम्ही संशोधन केंद्रातून आणून द्याल का?" आम्ही म्हणालो, आजी, धरायला पाच-सहा वर्षे लागतील हो. त्या म्हणाल्या, "ते मला ठाऊक आहे. मी सुपारी खाणार आहे असं कुठं म्हणाले? आणि विहिरीचं पाणी आधी बघून घ्या, तुमच्या पंपानं माझी विहीर उतरते." आम्ही रोपे आणून दिली. पंपाचे त्यांना अजून काही उत्तर दिलेले नाही. त्या विंधणविहिरी मोजण्याविषयी ज्याने प्रश्न विचारला होता तो आमचा विद्यार्थी आज समोरच्या रांगेत बसलेला दिसतो आहे. प्रश्नोत्तराचा वेळ आहे असे अध्यक्ष सांगतात. त्याने तोच प्रश्न पुन्हा विचारावा अशी आमची त्याला विनंती आहे. मोजणी आमच्या घरामागून सुरू करायला हरकत नाही.